काळ्या मोहऱ्यांसाठी कॅरो-कान बचाव: आधी प्याद्यांची रचना, मग चाली

सोलापूरहून पुणे, सांगली किंवा कोल्हापूरच्या बुद्धिबळ मानांकन स्पर्धेला निघालेल्या खेळाडूची तयारी बहुधा पांढऱ्या मोहऱ्यांची असते. पांढऱ्याने पहिली चाल कोणती खेळायची हे त्याने ठरवलेले असते आणि पुढच्या आठ-दहा चालीही पाठ असतात. काळी मोहरी वाट्याला आली की मात्र समोरचा जे खेळेल त्याला उत्तर देत जायचे, एवढाच बेत असतो. स्विस पद्धतीच्या स्पर्धेत जवळजवळ निम्मे डाव काळ्यानेच खेळावे लागतात. त्यामुळे हा बेत महाग पडतो, आणि तो लवकर बदलावा हे बरे.

हे मार्गदर्शन ज्याला नियम आणि डाव लिहून घेण्याची पद्धत येते, जो जिल्हा पातळीवर खेळतो आणि ज्याला अनेक वर्षे वापरता येईल असा एकच भक्कम बचाव हवा आहे, त्याच्यासाठी आहे. माझी शिफारस कॅरो-कान बचावाची आहे. डावांच्या ओळी लिहिताना घोड्यासाठी ‘घो’, उंटासाठी ‘उं’, वजिरासाठी ‘व’ आणि मारण्यासाठी ‘×’ हे चिन्ह वापरले आहे. शेजारी पट मांडून वाचल्यास अधिक उपयोग होईल.

सुरुवात अशी होते: १. ई४ सी६ २. डी४ डी५. पहिल्या चालीत काळा मध्यावर थेट जात नाही. डी५ या घराला आधी प्याद्याचा आधार देतो आणि मगच तेथे प्यादे आणतो. पांढऱ्याने डी५ वर मारले तर काळा प्याद्याने परत मारतो, त्यामुळे मध्यावरचे त्याचे ठाणे टिकते. पहिल्याच चालीत डी५ खेळणाऱ्या स्कँडिनेव्हियन बचावात वजिराला मारावे लागते आणि सी३ वर येणारा घोडा त्याला हुसकावतो. फ्रेंच बचावात डी५ ला आधार मिळतो, परंतु तो ई६ या चालीने, आणि मग सी८ चा उंट स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडला जातो. कॅरो-कानमध्ये आधारही मिळतो आणि उंटाची वाटही मोकळी राहते. किंमत मोजावी लागते ती अशी की वजिराच्या बाजूच्या घोड्याचे सी६ हे स्वाभाविक घर प्याद्याने अडते, आणि पुढे सी५ खेळताना त्याच प्याद्याची दुसरी चाल खर्ची पडते. या दोन्ही उणिवा खऱ्या आहेत. त्या नाहीत असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. घरातील वडीलधाऱ्यांकडून देशी बुद्धिबळ शिकलेल्यांना, जेथे प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरकत असे, ही एका घराची पहिली चाल मुळीच विचित्र वाटणार नाही.

बचावाचे नाव इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि बर्लिनमध्ये खेळलेल्या होरॅशियो कॅरो व व्हिएन्नाच्या मार्कस कान यांच्यावरून पडले. १८८६ मध्ये त्यांचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्याआधीच्या वर्षी कान यांनी हॅम्बर्ग येथे जॅक मिझेस यांना याच बचावाने २४ चालींत हरवले होते. पुढे कापाब्लांका, बोटविनिक, पेट्रोशियन आणि कार्पोव्ह या जगज्जेत्यांनी तो खेळला. १९५८ मध्ये स्मिस्लोव्ह यांच्याकडून विश्वविजेतेपद परत मिळवताना बोटविनिक यांनी तो काढला तेव्हा प्रतिस्पर्ध्याला त्याची अपेक्षा नव्हती, आणि सामन्याचे पहिले तीनही डाव बोटविनिक यांनी जिंकले.

शिकण्याचा क्रम

बहुतेक जण ओपनिंग (डावाची सुरुवात) शिकतात म्हणजे चालींची ओळ पाठ करतात. समोरच्याने पाचव्या चालीला वेगळे काही खेळले की ती ओळ संपते आणि घड्याळ चालू राहते. कॅरो-कान या पद्धतीने शिकू नये. ज्या सोलापूरकराने घरात किंवा शेजारी यंत्रमाग पाहिला आहे त्याला हे लवकर समजेल: उभ्या धाग्यांचा ताणा आधी चढतो, आणि आडवा धागा कसा फिरेल हे त्या ताण्यावरून ठरते. पटावर प्यादी हा ताणा आहे. या बचावातून प्याद्यांच्या मुख्यतः चार रचना निघतात, आणि प्रत्येक रचनेत उंट, घोडे व हत्ती यांनी कोठे जायचे हे जवळजवळ ठरलेले असते. म्हणून पहिला आठवडा पटावर फक्त राजे आणि प्यादी मांडून या चार रचना पाहण्यात घालवावा, आणि प्रत्येक रचनेत आपले कोणते प्यादे पुढे सरकणार आहे, हा एकच प्रश्न विचारावा.

चारही रचनांत दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. सी८ चा उंट ई६ ही चाल खेळण्यापूर्वी बाहेर काढायचा, आणि योग्य वेळी सी५ खेळून पांढऱ्याच्या डी४ प्याद्यावर दबाव आणायचा. पहिल्या नियमाला एक मोठा अपवाद आहे, तो पुढे येईल. याशिवाय एक काळजी सतत घ्यायची असते: उंट बाहेर गेला की बी७ चे प्यादे उघडे पडते, आणि पांढरा वजीर बी३ वर येऊन त्याच्याकडे पाहू लागतो. या बचावातील नवख्या खेळाडूंचे बरेच पराभव एफ७ वर नव्हे, तर बी७ वर सुरू होतात.

पांढरा पुढे सरकतो तेव्हा: ३. ई५

स्थानिक स्पर्धांमध्ये ही चाल वारंवार समोर येते, म्हणून तिच्यावर सर्वाधिक वेळ द्यावा. उत्तर ३... उं एफ५. यानंतरची शांत वाट ४. घो एफ३ ई६ ५. उं ई२ सी५ अशी आहे. ही वाट इंग्लंडच्या नायजेल शॉर्ट यांच्या नावाने ओळखली जाते. पांढऱ्याने ६. उं ई३ खेळल्यास ६... सी×डी४ ७. घो×डी४ घो ई७ असे खेळून दुसरा घोडा सी६ वर आणावा. राजाच्या बाजूचा घोडा एफ६ वर जाऊ शकत नाही, कारण ई५ चे प्यादे त्या घरावर रोखलेले असते. त्याचा मार्ग ई७ वरून आहे, आणि तेथून तो सी६ ला जातो किंवा उंट जी६ वर सरकल्यावर एफ५ वर येतो. ही रचना फ्रेंच बचावासारखीच दिसते, फरक एवढाच की अडचणीचा उंट येथे भिंतीबाहेर आहे. पांढऱ्याने उं डी३ खेळले तर उंटांची अदलाबदल आनंदाने करावी. राजावर हल्ला करणारे पांढऱ्याचे सर्वांत उपयोगी मोहरे त्यामुळे पटावरून जाते.

सावध राहण्याची जागा ४. एच४ ही आहे. १९६१ च्या जागतिक अजिंक्यपद सामन्यात मिखाईल ताल यांनी बोटविनिक यांच्याविरुद्ध ही चाल वापरली, आणि आज लहान मुलेही ती सर्रास खेळतात. येथे सवयीने ४... ई६ खेळले की ५. जी४ येते. उंट ई४ वर जाऊन एच१ च्या हत्तीकडे पाहतो, परंतु ६. एफ३ उं जी६ ७. एच५ नंतर त्याला जागा उरत नाही आणि तो एका प्याद्याच्या मोबदल्यात जातो. म्हणून ४... एच५ खेळून जी४ ला आळा घालावा, आणि ५. उं डी३ ला ५... उं×डी३ ६. व×डी३ ई६ असे साधे उत्तर द्यावे. पांढऱ्याने ४. घो सी३ ई६ ५. जी४ असा हल्ला केला तर उंट जी६ वर घ्यावा आणि पुढच्याच चालीत सी५ खेळावे; कडेचा हल्ला मध्यावर उत्तर देऊन मोडतो, हे येथे अक्षरशः लागू पडते, आणि जो काळा खेळाडू घाबरून राजाच्या बाजूची प्यादी हलवत बसतो तो हरतो.

मुख्य मार्ग: ३. घो सी३

३... डी×ई४ ४. घो×ई४ उं एफ५ ५. घो जी३ उं जी६ ६. एच४ एच६. ही सहावी चाल विसरता येणार नाही. ती न खेळल्यास ७. एच५ नंतर जी६ वरचा उंट अडकतो, कारण एफ५ आणि ई४ ही दोन्ही घरे पांढऱ्या घोड्याच्या रोखात आहेत. पुढे ७. घो एफ३ घो डी७ ८. एच५ उं एच७ ९. उं डी३ उं×डी३ १०. व×डी३ ई६ ११. उं डी२ घो जीएफ६ १२. वजिराच्या बाजूला किल्लेकोट, उं ई७. सातव्या चालीतला घोडा डी७ वर का येतो हे समजून घ्यावे: पांढऱ्या घोड्याला ई५ वर येऊन उंटाला त्रास देता येऊ नये, हा त्याचा हेतू आहे.

येथे काळ्याची स्थिती किंचित आखूड असते, परंतु तिच्यात कच्चा दुवा नाही. काळा राजाच्या बाजूला किल्लेकोट करतो आणि सी५ खेळून मध्य उघडतो. पांढऱ्याचे एच५ वरचे प्यादे मध्यपर्वात दरारा निर्माण करते, आणि मोहरी कमी झाल्यावर तेच त्याच्या गळ्यातील लोढणे ठरते. म्हणून या रचनेत मोहऱ्यांची अदलाबदल टाळू नये. अंतपर्व बहुधा काळ्याच्या पथ्यावर पडते.

चौथ्या चालीला उं एफ५ ऐवजी ४... घो डी७ ही कार्पोव्ह यांची आवडती चालही आहे, परंतु ती दुसऱ्या वर्षी शिकावी असे माझे मत आहे. तिथे क्रमाची चूक खपत नाही. ५. व ई२ ला बेसावधपणे ५... घो जीएफ६ खेळले तर ६. घो डी६ ही थेट मात आहे, कारण ई७ चे प्यादे पांढऱ्या वजिरासमोर खिळलेले असते आणि त्याला घोड्याला मारता येत नाही. अधिक प्रसिद्ध उदाहरण ११ मे १९९७ चे आहे. न्यूयॉर्कमध्ये डीप ब्लू या संगणकाविरुद्धच्या सहाव्या आणि निर्णायक डावात गॅरी कास्पारोव्ह यांनी हाच बचाव खेळला: ५. घो जी५ घो जीएफ६ ६. उं डी३ ई६ ७. घो १एफ३, आणि येथे उं डी६ ही चाल आधी करण्याऐवजी त्यांनी ७... एच६ खेळले. संगणकाने ८. घो×ई६ असा घोड्याचा बळी दिला आणि कास्पारोव्ह यांनी १९ व्या चालीनंतर डाव सोडला. एच६ ही चाल या बचावात अनेक ठिकाणी उत्तम आहे. पण ती कोणत्या कामासाठी आहे हे प्रत्येक वेळी विचारावे लागते.

मध्यावर मारामारी: ३. ई×डी५ सी×डी५

पांढऱ्याने आता ४. उं डी३ खेळले तर डाव शांत राहतो, आणि याच कारणाने अनेक जण याला कंटाळवाणा समजून तयारीच करत नाहीत. बेलग्रेड येथे १९७० मध्ये सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग या लढतीत बॉबी फिशर यांनी पेट्रोशियन यांना याच मार्गाने हरवले होते. काळ्याची मांडणी ४... घो सी६ ५. सी३ घो एफ६ ६. उं एफ४ उं जी४ ७. व बी३ व डी७ अशी ठेवावी. वजीर डी७ वरून बी७ ची राखण करतो. नंतर ई६, उं डी६ करून एफ४ च्या उंटाशी अदलाबदल, आणि किल्लेकोट. वजिराच्या बाजूला काळ्याची दोन प्यादी असतात आणि पांढऱ्याची तीन. तरीही काळ्यानेच बी५-बी४ असे पुढे जायचे असते, कारण सी३ वर मारामारी झाल्यावर तेथे उरणारे पांढरे प्यादे उघड्या रांगेत दुबळे पडते आणि काळे हत्ती सी रांगेतून त्याच्यावर दबाव आणू शकतात. पांढरा दरम्यान घोडा ई५ वर रोवून राजावर चाल करील, तेव्हा आपला हल्ला सुरू करण्यापूर्वी तो घोडा मारण्याची सोय करून ठेवावी.

४. सी४ हा पानोव्ह हल्ला आहे, आणि वर सांगितलेला अपवाद येथेच येतो: ४... घो एफ६ ५. घो सी३ ई६. उंट आत राहतो, कारण आता डी५ सांभाळणे अधिक गरजेचे आहे, आणि उंट बाहेर गेल्यास व बी३ ने बी७ व डी५ दोन्हींवर एकदम ताण येतो. ६. घो एफ३ उं ई७ नंतर ७. सी×डी५ घो×डी५ झाले की पांढऱ्याचे डी४ चे प्यादे एकटे पडते. या स्थितीत डी५ वर घोडा रोवून प्याद्याची वाट अडवावी, हलकी मोहरी बदलून घ्यावीत आणि बी६ खेळून उंट बी७ वर न्यावा. पांढऱ्याची आशा दोन गोष्टींवर असते: सी२ चा उंट आणि डी३ चा वजीर मिळून एच७ वर रोख धरणे, किंवा अचानक डी५ पुढे ढकलणे. पांढऱ्याने ७. उं डी३ खेळले तर लगेच ७... डी×सी४ करावे, म्हणजे उंटाला एकाच मार्गावर दोनदा हलावे लागते.

किरकोळ वाटा

२. उं सी४ ही चार चालींत मात देण्याच्या आशेवर खेळलेली चाल शालेय स्पर्धांमध्ये हमखास दिसते; २... डी५ हे उत्तर उंटालाच हटवते आणि काळ्याला एक चाल फुकट देते. २. डी३ ला डी५ आणि मग ई५ खेळून मध्य ताब्यात घ्यावा. ३. एफ३ ला ई६ पुरेसे आहे.

दोन घोड्यांची मांडणी मात्र वेगळी लक्षात ठेवावी: २. घो सी३ डी५ ३. घो एफ३. येथे उं जी४ ४. एच३ उं×एफ३ ५. व×एफ३ ई६ असे खेळावे. मुख्य मार्गाच्या सवयीने डी×ई४, उं एफ५, उं जी६ अशा चाली केल्यास पांढरा घोडा एक चाल लवकर ई५ वर पोहोचतो: ३... डी×ई४ ४. घो×ई४ उं एफ५ ५. घो जी३ उं जी६ ६. एच४ एच६ ७. घो ई५ उं एच७ ८. व एच५ जी६ ९. उं सी४. या क्षणी वजीर मारणे म्हणजे १०. उं×एफ७ ला मात ओढवून घेणे आहे. मुख्य मार्गात हेच चालते आणि येथे चालत नाही, कारण येथे पांढऱ्याने डी४ वर चाल खर्च केलेली नसते.

१. डी४ ला काय?

वेगळा बचाव शिकण्याची आवश्यकता नाही. १. डी४ डी५ २. सी४ सी६ हा स्लाव्ह बचाव आहे. प्यादी तीच, विचारही तोच. ३. घो एफ३ घो एफ६ ४. घो सी३ डी×सी४ ५. ए४ उं एफ५. पांढरा ए४ खेळतो कारण नाही तर काळा बी५ ने जिंकलेले प्यादे राखू पाहील. चौथ्याच चालीला उं एफ५ खेळण्याचा मोह टाळावा, कारण ५. सी×डी५ सी×डी५ ६. व बी३ नंतर पुन्हा बी७ चाच प्रश्न उभा राहतो. व्लादिमीर क्रामनिक आणि व्हेसेलिन टोपालोव्ह यांच्या २००६ च्या एलिस्टा येथील सामन्यात हा बचाव वारंवार खेळला गेला. ते डाव कॅरो-कानच्या अभ्यासकानेही पाहावेत. उं एफ४ ची लंडन पद्धत आली तर घो एफ६ आणि उं एफ५ करून ई६ खेळावे, एवढे पुष्कळ झाले.

सराव

सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि दुपारी बाहेर पडवत नाही. शाळेला सुट्टी असलेला हा काळ ओपनिंग पक्की करण्यास योग्य आहे. एका जोडीदारासोबत ३. ई५ ची स्थिती मांडून तेथूनच डाव सुरू करावा, आणि दोघांनी आळीपाळीने काळा घ्यावा. पांढऱ्याकडून खेळल्याशिवाय काळ्याची दुखरी जागा कळत नाही. वेळ प्रत्येकी १५ मिनिटांपेक्षा कमी नसावी. मोबाइलवरचे तीन मिनिटांचे डाव सापळे ओळखायला बरे आहेत, रचना समजून घ्यायला त्यांचा उपयोग नाही.

प्रत्येक डावानंतर आधी स्वतः पाहावे की सी५ केव्हा खेळता आले असते आणि केव्हा खेळले गेले. संगणक त्यानंतर उघडावा. तो पांढऱ्याला थोडी आघाडी दाखवील. पहिली चाल पांढऱ्याची असते, त्यामुळे त्यात नवल नाही आणि बचाव बदलण्याचे ते कारणही नाही. लिचेस या विनामूल्य संकेतस्थळावर मानांकनाचा टप्पा निवडून त्या पातळीचे खेळाडू कोणत्या चाली अधिक खेळतात हे पाहता येते. जगज्जेत्यांच्या आकडेवारीपेक्षा ही माहिती जिल्हा पातळीवरील खेळाडूच्या अधिक कामाची आहे, कारण त्याच्यासमोर बसणारे खेळाडू त्याच टप्प्यातले असतात.

वही ठेवावी, आणि तिच्यात ओळींऐवजी प्रत्येक रचनेची एक आकृती व तिच्याखाली आपल्या शब्दांत दोन वाक्ये असावीत: आपण कोठे पुढे जाणार आणि समोरचा कोठे मारणार. प्रत्येक हरलेल्या डावाची नोंद त्या त्या आकृतीखाली करावी. काही महिन्यांनी एका पानावर इतरांपेक्षा जास्त नोंदी साचलेल्या दिसतील. पुढचा अभ्यास त्या पानापासून सुरू करावा, आणि ४... घो डी७ सारख्या नव्या वाटांना तोपर्यंत हात लावू नये.